ग्रीस-इटलीची ग्रुप टूर : जेवण चोख, इतिहास फोडणीचा

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत फिरता येईल. पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर मे महिन्यात आम्ही दोघं ग्रीस-इटली करून आलो. हॉटेलं स्वच्छ, बस वेळेवर, रोममध्ये रात्री साडेआठला गरम वरण-भात आणि बटाट्याची भाजी. या सगळ्याला पाचपैकी साडेचार. बसमध्ये माइकवरून जो इतिहास ऐकवला त्याला पाचपैकी दोन, तेही आमचा टूर मॅनेजर मुलगा गोड होता म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांबरोबर जाऊन आलेले मित्र जे सांगतात ते याहून फारसं वेगळं नाही.

माझी नोकरी नगरपालिकेच्या नाट्यगृहात गेली, व्यवस्थापक म्हणून. प्लॅन कधी उघडायचा, हाउसफुलचा बोर्ड कधी लावायचा, तिसऱ्या घंटेनंतर आलेल्या नगरसेवकाच्या मेव्हण्याला कुठे बसवायचं, पंखे बंद पडले की बाल्कनीतून येणाऱ्या शिट्ट्यांना काय उत्तर द्यायचं, हे माझं आयुष्य. त्यामुळे कुठल्याही प्रेक्षागृहात गेलो की मी आधी रंगमंच बघत नाही, दारं मोजतो. एपिडॉरसचं नाट्यगृह, ज्वालामुखीने गाडलेलं पाँपेई आणि रोमचं कोलोसियम तिन्ही एकाच सहलीत होती म्हणूनच ही टूर घेतली. जाण्याआधी हिवाळाभर वाचनालयातून सुएटोनियस आणि टॅसिटस हे रोमन इतिहासकार इंग्रजीतून आणून वाचत बसलो होतो. हे एवढ्यासाठी सांगतोय, की पुढची कुरकुर हवेतली नाही.

सुरुवात एपिडॉरसपासून करतो, कारण फसगतीला तिथूनच सुरुवात झाली. अथेन्सहून बसने दोन-अडीच तास. इ.स.पू. चौथ्या शतकातलं दगडी नाट्यगृह, टेकडीच्या उतारावर पंख्यासारखं उघडलेलं. खालच्या 34 रांगा आधीच्या, वरच्या 21 मागाहून वाढवलेल्या. तेरा-चौदा हजार माणूस बसतं. पॉसेनियस नावाचा प्रवासी ते बांधल्याचं श्रेय पॉलिक्लिटस या वास्तुकाराला देतो. मी आत शिरलो आणि खरं सांगतो, हात जोडले. एकही खांब आडवा नाही, एकही जागा वाया गेलेली नाही. आमच्याकडे के आणि एल रांगेच्या कोपऱ्यातल्या खुर्च्या विकताना बुकिंग क्लार्क नजर चुकवायचा. इथे तशी एक जागा सापडेना.

मग तिथली स्थानिक गाइडबाई मधल्या गोल दगडावर उभी राहिली आणि जगातल्या सगळ्या गाइड करतात तो खेळ तिने केला. कागद फाडला, नाणं टाकलं, काडी ओढली. "शेवटच्या रांगेत कुजबुजसुद्धा ऐकू येते." आमचा टूर मॅनेजर लगेच मराठीत, "बघा काका, अडीच हजार वर्षांपूर्वी माइक नव्हता!" गुडघे कुरकुरत असतानाही मी वर शेवटच्या रांगेत गेलो. नाणं पडल्याचं कळलं, पण एक बारीकसं टिक्. ते नाणं होतं, किल्ली होती की बाईंच्या बांगडीचा आवाज, हे शपथेवर सांगता येणार नाही. काडीचं काही कळलं नाही. कुजबुज तर नाहीच नाही. खाली आलो तर आमच्या ग्रुपमधले झाडून सगळे "ऐकू आलं, ऐकू आलं" म्हणत होते. त्यातले निम्मे दहाव्या रांगेच्या वर गेलेच नव्हते.

नेदरलँड्सच्या आइंडहोव्हन विद्यापीठातल्या लोकांनी यंत्रं लावून नेमकं हेच मोजलं, आणि 2017 साली निष्कर्ष जाहीर केले. नाण्याचा आवाज मागे पोचतो, पण कशाचा ते ओळखता येत नाही. कुजबुज समजते ती पुढच्या रांगेतल्यांना. आणि चांगला, कमावलेला, मोठा आवाज मात्र मागेपर्यंत स्वच्छ जातो. यात त्या इमारतीचा कसला अपमान? उलट नटाचा मान आहे. आवाज त्याला लावावाच लागत होता, दगडाने फुकट काही दिलं नाही. आमच्या नाट्यगृहात कॉलरमाइक आल्यावर नवी मुलं वाक्याचा शेवट गिळायला लागली तेव्हा जुने नट जे बोलायचे, ते मला तिथे वर बसून आठवलं.

बसमध्ये आणखी एक भर. ग्रीक नटांच्या मुखवट्यांत कर्णे बसवलेले असायचे म्हणे. मुखवटे कापडासारख्या नाशिवंत वस्तूंचे असत, त्यामुळे खेळात वापरलेला एकही आज शिल्लक नाही. आहेत ती मडक्यांवरची चित्रं आणि भाजलेल्या मातीच्या प्रतिकृती. त्यावरून कर्ण्यापर्यंत उडी कोणी मारली देव जाणे. आणि नाटकं मशालीच्या उजेडात व्हायची, हेही माइकवरूनच. अथेन्सच्या डायोनिशियाच्या उत्सवात खेळ उघड्यावर, दिवसाउजेडी व्हायचे. एकेका कवीच्या तीन शोकांतिका आणि वर एक चावट नाटक. जागेला दोन ओबोल (तिथली नाणी) मोजायचे, आणि ज्याला परवडत नाही त्याला ते दोन ओबोल द्यायला सरकारी निधी होता. हे सांगितलं असतं तर ग्रुपमधले निवृत्त बँकवाले जागे तरी झाले असते.

रोमच्या बसमध्ये मग ते आलंच. "रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता." आपल्याकडे प्रत्येक पावसाळ्यात एखाद्या तरी अग्रलेखात हा नीरो येतो, त्यामुळे पोराला दोष देत नाही. पण व्हायोलिन यायला अजून हजार वर्षांहून जास्त अवकाश होता. इ.स. 64 मध्ये आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता असं टॅसिटस लिहितो, आणि टॅसिटसला नीरोचं काही कौतुक नव्हतं. नीरो परत आला, बेघरांसाठी त्याने स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. जळतं शहर बघून त्याने ट्रॉयच्या विनाशाचं गाणं म्हटलं ही त्या वेळी पसरलेली अफवा, असं टॅसिटस म्हणतो. सुएटोनियस मात्र तीच गोष्ट घडलेली म्हणून सांगतो. नीरोने आईला मारलं, बायकोला मारलं, तेव्हा त्याची वकिली मला करायची नाही. पण नाट्यगृहवाल्यांच्या दृष्टीने त्याचा खरा गुन्हा वेगळाच आहे आणि तो माइकवर कोणी सांगत नाही.

या माणसाला गायक व्हायचं होतं. तो किथारा हे तंतुवाद्य घेऊन रंगमंचावर जायचा आणि तो गात असेपर्यंत कोणालाही, कितीही निकड असो, बाहेर सोडायचं नाही असा हुकूम असायचा. सुएटोनियस लिहितो, की बायका आतच बाळंत झाल्या, कंटाळलेल्या पुरुषांनी भिंतींवरून उड्या टाकल्या, आणि काही जण मेल्याचं सोंग घेऊन तिरडीवरून बाहेर पडले. टाळ्यांसाठी पाच हजारांवर धट्टीकट्टी पोरं ठेवली होती, त्यांना टाळ्यांचे प्रकार शिकवले होते. एक मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा, एक कौलांचा, एक विटांचा. त्यांच्या म्होरक्यांना चार-चार लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. मी एका माजी आमदारांच्या काव्यवाचनाला शाळांमधून मुलं आणलेली पाहिली आहेत, पण टाळ्यांचे प्रकार ठरवण्यापर्यंत मजल गेली नव्हती. सुएटोनियस मसाला घालतो हे मान्य. निदान मसाला दोन हजार वर्षं जुना आहे.

आता कोलोसियम. इथे कंपनीला श्रेय द्यायला हवं, की त्यांनी परवानाधारक इटालियन गाइड घेतली होती आणि प्रत्येकाच्या कानात यंत्र दिलं होतं. बाई अभ्यासू, आवाज शांत, इंग्रजी सोपं. गोची अशी, की ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना इंग्रजी जड जात होतं म्हणून टूर मॅनेजर मागोमाग मराठी करत होता. बाई एक वाक्य बोलल्या की याची तीन. वाढीव दोन वाक्यं सिनेमातली.

बाहेरच्या भिंतीपाशी बाईंनी कमानींवरचे आकडे दाखवले. खालच्या मजल्यावर 80 कमानी. चार मोठी दारं सोडून 76 ना क्रमांक. उत्तरेकडची भिंत शाबूत आहे तिथे 23 पासून 54 पर्यंतचे आकडे अजून वाचता येतात, दगडात खोदलेले, आणि साफसफाईच्या वेळी त्यांच्या खाचांत लाल रंगाचे अवशेष मिळाले. मी 52 च्या खाली उभा राहिलो. वर मान करून बघितलं तर आकडा बरोबर त्या उंचीवर, जिथे गर्दीत मागे अडकलेल्या माणसाला पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसेल. लाल रंग भरलेला, म्हणजे लांबून. ज्याने तो आकडा तिथे खोदायला सांगितला त्याने नक्की कधीतरी दारावर उभं राहून शिव्या खाल्ल्या असणार. निदान 50 हजार प्रेक्षकांचा हिशेब. प्रवेश फुकट, पण कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं. पुढे सेनेटर, मग दर्जाप्रमाणे वर वर, आणि बायका सगळ्यांत वर. हा सम्राट ऑगस्टसच्या काळापासूनचा नियम, व्हेस्टादेवीच्या पुजारिणींना तेवढी सूट. आमची ही म्हणाली, "म्हणजे बाल्कनी." म्हटलं, त्याच्याही वर, जिथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात.

आत शिरताना ज्या बोळांतून आपण बसायच्या जागेकडे निघतो त्यांना व्होमिटोरिया म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. टूर मॅनेजरने ऐकलं आणि तोंडभर हसून सांगितलं, "रोमन लोक इतके खायचे, की उलटी करायला वेगळी खोली! उलटी करायची, परत जेवायला बसायचं!" ग्रुप खूश. सगळ्यांनी त्या बोळाचे फोटो काढले, नाक धरून. बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्या हसण्यावरून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. अहो, तो गर्दीचा बोळ आहे. माणसं त्यातून भसाभस बाहेर ओतली जातात म्हणून ते नाव. अतिखाऊ श्रीमंत ओकून पुन्हा खातात अशी टीका सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने केली आहे खरी, पण त्यासाठी खोली बांधल्याचं कुठेही नाही. आणि ज्या बोळांमुळे एवढं मोठं घर झटपट रिकामं होतं, त्यांना मोरी म्हणायचं? मी आयुष्यभर दोन दारांतून नऊशे माणूस बाहेर काढत आलो. पावसाळ्यात, छत्र्यांसकट. मला त्या बोळाच्या उताराला हात लावून बघावासा वाटला आणि मी लावलाही. मागून "काका, पुढे चला, लाइन थांबलीय."

छताचंही तसंच. माथ्यावर खांबांसाठी आधाराचे दगड आहेत, त्यांवरून दोर ओढून कापडी छत पसरायचे, आणि ते हाताळायला आरमारातले खलाशी असायचे. कापड, दोर, वारा, सगळं त्यांच्या सवयीचं. कोलोसियमच्या आधीच्या काळातली सम्राट कॅलिग्युलाची गोष्ट आहे. ऐन उन्हात तो छत मागे घ्यायला लावायचा आणि कुणाला बाहेर जाऊ द्यायचा नाही. एसी बंद करून दारं लावून घेणारा मालक.

आणि आता ग्लॅडिएटर, ज्यांच्यासाठी सगळे आले होते. मराठी आवृत्तीप्रमाणे : रोज शेकडो ग्लॅडिएटर मरायचे, लढण्याआधी सगळे सम्राटाला "आम्ही मरणारे तुला वंदन करतो" म्हणायचे, शेवटी सम्राट अंगठा खाली करायचा आणि खेळ खलास. यातलं एकेक घेतो, कारण इथे पैशांचा मामला आहे आणि तो मला कळतो.

गायस नावाचा दुसऱ्या शतकातला कायदेपंडित आहे. त्याच्या पुस्तकात एक करार उदाहरणादाखल दिलाय. मी तुला ग्लॅडिएटर दिले. जो धडधाकट परत येईल त्याचे, त्याच्या घामाचे म्हणून, 20 दिनार. जो मेला किंवा जायबंदी झाला त्याचे 1000. प्रश्न असा, की हे भाड्याने देणं झालं की विकणं? उत्तर : परत आला तर भाडं, मेला तर विक्री. बसल्या जागी मी आकडेमोड केली. खेळ लावणाऱ्याला मेलेला माणूस जिवंतापेक्षा पन्नासपट महाग. ज्याने आयुष्यात एकदा तरी पदरच्या पैशाने नाटकाचा प्रयोग लावलाय, नटांच्या नाइटचा हिशेब केलाय, तो सांगेल, की अशा कराराखाली रोज शेकडो माणसं कोणी मारत नाही. दिवाळं निघेल. एका फ्रेंच अभ्यासकाने पहिल्या शतकाच्या नोंदी मांडून काढलेला अंदाज पाच लढतींमागे साधारण एक मृत्यू असा आहे. तो आकडाही लहान नाही, पण सिनेमाहून कितीतरी वेगळा.

सिसिलीत फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरचा समाधिलेख सापडलाय. जन्माने सीरियन. 30 वर्षं जगला, 34 वेळा लढला, 21 जिंकला, 9 बरोबरीत, 4 वेळा हरून सोडून दिला. म्हणजे हरल्यावरही चारदा जिवंत बाहेर आला. तिथे पंच असायचे, हातात लांब काठी घेतलेले. लिबियातल्या झ्लिटेनच्या फरशीचित्रात लढतीच्या कडेला वाजवणारी मंडळीही आहेत, तुतारी, कर्णे आणि पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन. आमच्या ग्रुपमध्ये एक तबलजी होते. त्यांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

"आम्ही मरणारे" हे वाक्य तर एकाच प्रसंगातलं. सम्राट क्लॉडियसने फ्युसिनस तळ्यावर लुटुपुटीचं आरमारी युद्ध लावलं होतं, लढणारे शिक्षा झालेले कैदी होते, ग्लॅडिएटर नव्हेत. त्यांनी ते वाक्य म्हटलं, आणि क्लॉडियस, विनोदी माणूस, उत्तरला, "किंवा नाहीही." झालं! त्यांनी त्याचा अर्थ माफी असा घेतला आणि लढायलाच नकार दिला. म्हातारा सम्राट लंगडत तळ्याकाठी पळत सुटला, धमक्या देत, विनवण्या करत. सुएटोनियसने लिहिलेला हा प्रसंग एखाद्या फार्सकाराला द्यावा असा आहे, आणि माइकवर मात्र त्यातलं एकच वाक्य भरदार आवाजात.

अंगठ्याची हवा जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या 1872 च्या चित्राने केली. त्यात प्रेक्षक अंगठे खाली करून ओरडताहेत. लॅटिन साहित्यात अंगठा "वळवल्याचा" उल्लेख आहे, पण वर, खाली की बाजूला, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. कोलोसियमच्या बाहेर आमच्या ग्रुपचा सामूहिक फोटो आहे, सगळ्यांचे अंगठे खाली. मी हात खिशात घातलेत.

एवढं वाचून कोणाला वाटेल, की मी रोमनांना सभ्य ठरवायला निघालोय. तसं नाही. खरी काळीकुट्ट गोष्ट बाईंनी सांगितली आणि भाषांतरात तीच गळली. सकाळी जनावरं, दुपारी देहदंड, मग ग्लॅडिएटर, असा दिवसाचा क्रम. सम्राट टायटसने इ.स. 80 मध्ये कोलोसियमचं उद्घाटन केलं तेव्हा 100 दिवस खेळ चालले आणि हजारो जनावरं मारली गेली. सेनेका कोलोसियम बांधण्याआधीच्या काळातला, पण असाच एकदा दुपारी गेला होता. जरा करमणूक होईल म्हणून गेला आणि निव्वळ कत्तल बघून आला. त्याहून वाईट म्हणजे मार्शल या कवीने उद्घाटनाच्या सुमाराच्या खेळांवर लिहिलेल्या कविता. त्यात एका माणसाला ऑर्फियस, म्हणजे ग्रीक पुराणातला गवई, बनवून आत सोडलंय. रंगमंचावर झाडं सरकताहेत, खडक हलताहेत, पाखरं आहेत, जनावरं आहेत, सगळं कथेप्रमाणे. ऑर्फियसच्या संगीताने पशू मोहित होतात ना, तसेच. फक्त अस्वलाला कथा माहीत नव्हती. अस्वलाने त्याला फाडलं, आणि कवीने त्यावर चार चटकदार ओळी केल्या.

ही गोष्ट मला त्या रात्री वरण-भातावर बसल्या बसल्या सतावत राहिली. नेपथ्य, वेशभूषा, सरकते देखावे, म्हणजे पडद्यामागे राबणारी शेकडो माणसं. सुतार, दोरवाले, जनावरं सांभाळणारे. त्यांनी त्या दिवशी झाडं वेळेवर सरकवली. माझ्यासारखा कोणीतरी हातात यादी घेऊन तिथे उभा असणार. अंगठ्याच्या गोष्टीत सगळं पाप एका सम्राटाच्या हातावर ढकलता येतं. 76 दारांचा चोख बंदोबस्त बघितला, की ते एवढं सोपं राहत नाही.

ख्रिश्चनांना नीरोने कोलोसियममध्ये सिंहांपुढे टाकलं, हेही सांगून झालं. नीरो इ.स. 68 मध्ये मेला. कोलोसियमचं काम सम्राट व्हेस्पेशियनने त्यानंतर काढलं, तेही नीरोच्या महालातलं तळं बुजवून. त्याने ख्रिश्चनांना हाल करून मारलं हे टॅसिटस सांगतो, पण स्वतःच्या बागांमध्ये. पुढे ल्याँला, कार्थेजला आखाड्यात ख्रिश्चन मारले गेल्याच्या नोंदी आहेत. कोलोसियमबद्दल तसा त्या काळचा पक्का पुरावा नाही. आज आत जो क्रूस दिसतो तो अठराव्या शतकात पोपने ही जागा हुतात्म्यांची म्हणून जाहीर केली त्या परंपरेतला.

पाँपेईबद्दल थोडक्यात, कारण आम्हाला तिथे दिलाच होता अर्धा दिवस, त्यातला तासभर दुकानात. रस्त्यावर आणि भिंतींवर कोरलेली पुरुषलिंगं दाखवून टूर मॅनेजर बायकांना पुढे पाठवून हळूच म्हणाला, "हा बाण कुंटणखान्याकडे." त्यातली बरीचशी आपण दारावर काळी बाहुली टांगतो तशी, दृष्ट लागू नये म्हणून. बायकांना पुढे पाठवायचं काही कारण नव्हतं.

आणि जे दाखवायला हवं होतं ते अ‍ॅम्फिथिएटर लांब म्हणून वगळलं. इ.स. 59 मध्ये तिथे पाँपेईवाले आणि शेजारच्या न्युसेरियाचे यांच्यात खेळ चालू असताना शिवीगाळ झाली, मग दगड, मग तलवारी. सेनेटने पाँपेईला दहा वर्षं असे खेळ करायला बंदी घातली, आणि ज्याने खेळ लावला होता त्याला हद्दपार केलं. त्या राड्याचं भित्तिचित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे, अर्ध्यावर ताणलेल्या छतासकट. पाँपेईच्या भिंतीवर रंगवलेली एक जाहिरातही मिळाली आहे. सॅट्रियस व्हॅलेन्स याच्या ग्लॅडिएटरांच्या 20 जोड्या, त्याच्या मुलाच्या 10, एप्रिलच्या 8 ते 12 तारखेला, शिकार होईल आणि छत असेल. छत असेल! आमच्या बोर्डांवर "वातानुकूलित" हा शब्द नटाच्या नावाएवढ्या अक्षरांत असायचा. खाली रंगाऱ्याची सही : एमिलियस सेलर याने एकट्याने, चांदण्यात लिहिलं. आमचा बोर्ड रंगवणारा पेंटर रात्री अकरानंतर शिडीवर चढायचा आणि कोपऱ्यात आपलं नाव बारीक अक्षरांत घालायचा. मी ते पुसायला लावायचो, नगरपालिकेचा नियम म्हणून.

शेवटच्या दुपारी ग्रुपला खरेदीसाठी मोकळं सोडलं तेव्हा आम्ही दोघं बोर्गेझे गॅलरीत गेलो. तिथे वेळ ठरवून आधी तिकीट काढावं लागतं आणि दोन तासच थांबता येतं. लोक जातात बर्निनीच्या शिल्पांसाठी. तुम्ही जाल तेव्हा प्रवेश दालनात खाली बघा. 1834 मध्ये टोरेनोव्हाला सापडलेलं चौथ्या शतकातलं ग्लॅडिएटरांचं फरशीचित्र तिथे जमिनीत बसवलंय. प्रत्येकाच्या डोक्याशी नाव. बेलेरेफॉन्स, कुपिडो, सगळी रंगमंचावर शोभतील अशी नावं. जे मेले त्यांच्या नावापुढे छेद दिलेला गोल, थीटा हे ग्रीक अक्षर. हिला मी ते गोल शोधायला लावले. ती म्हणाली, "सगळ्यांना नाहीयेत की." तेच तर मी आठवडाभर सांगत होतो.

आता व्यवहाराचं. कोलोसियमचं साधं तिकीट 18 युरोचं, त्यात फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. तळघर बघायचं तर तिकीट वेगळं, आणि ते घ्याच, कारण जनावरं वर आणायच्या लिफ्टची लाकडी प्रतिकृती तिथे आहे. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. ज्यांना इंग्रजी समजतं त्यांनी मराठी भाषांतराच्या वेळी कानातलं यंत्र काढू नये, बाईंचा आवाज चालूच असतो. गुडघे दुखत असतील तर एपिडॉरसला वर जाऊ नका, तिथे ऐकण्यासारखं काही नाही. टूर मॅनेजर आणि ड्रायव्हर यांची टिप आधीच पैशांत धरलेली असते, तरी शेवटच्या दिवशी पाकीट फिरतं. मी दिलं, कारण आमच्या हिचं पोट बिघडलं तेव्हा पोराने रात्री दोनला औषधाचं दुकान शोधलं होतं.

अभिप्रायाच्या फॉर्मवर "माहिती" या रकान्यात मी दोन पानं जोडून दिली. कंपनीतून एका मुलीचा फोन आला, "काका, तुम्ही पुढच्या बॅचला बसमध्ये बोलाल का? पाच टक्के डिस्काउंट देऊ." त्यांची तुर्कस्तानची सहल आहे, त्यात इफेसस हे प्राचीन शहर आहे. तिथे 1993 मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली आणि हाडं तपासल्यावर निघालं, की हे पैलवान मुख्यतः जव, गहू आणि कडधान्यांवर जगत. पाच टक्क्यांना नाही म्हटलं. दहावर बोलणी चालू आहेत.